म्हाताऱ्या गाडीचे मोठे काम

आपल्या वस्त्यांमधून आज पुष्कळ घरांपुढे चारचाकी उभी दिसते. ती बहुधा नवी नसते. कुणा डॉक्टरची, कुणा बँकेतल्या साहेबाची आठ-दहा वर्षे वापरून झालेली गाडी आपल्या नोकरदार माणसाच्या दारात येते आणि पुढची दहा वर्षे घरचेच एक माणूस होऊन राहते. लग्नाला तीच, दवाखान्याला तीच, मुलीच्या परीक्षेला तीच. तिचे वय होते, किलोमीटर वाढतात, आणि एक दिवस प्रश्न पडतो की हिच्यावर आता खर्च करावा की नाही, आणि करायचाच तर कशावर?

आमच्या घरी हा प्रश्न गेल्या पावसाळ्यात आला, तोही रात्री साडेदहा वाजता. त्याची हकिगत आधी सांगितली पाहिजे.

आम्ही दोघेही शाळामास्तर. घर अर्जुनी मोरगावच्या बाजूला, नवेगावबांधच्या पलीकडे. गाडी २००८ च्या नोंदणीची ऑल्टो, पाटी एमएच ३५ ची. २०१४ साली घेतली तेव्हा ५८ हजार किलोमीटर चाललेली होती, आज १ लाख ८७ हजार झाले आहेत. घरात चौदा वर्षांचा पुतण्या आहे, त्याला सिकलसेल आहे. पूर्व विदर्भात या आजाराविषयी नव्याने सांगायला नको, आपल्या समाजातल्या कितीतरी घरांना तो ठाऊक आहे. अंगात पाणी कमी पडले, गारठा लागला, ताप आला की हाडांत असह्य दुखणे उठते आणि अशा वेळी घरगुती उपायावर न थांबता दवाखाना गाठावा लागतो.

त्या रात्री त्याच्या छातीत दुखू लागले. १०८ ला फोन करायला हवा होता. तो न करता, वेळ जाऊ नये म्हणून आम्ही त्याला मागच्या सीटवर घातले आणि गोंदियाकडे निघालो. ही आमची चूक, ती इथे कबूल करतो. कोहमारा ओलांडला, मुरदोलीच्या जंगलात शिरलो आणि बोनेटमधून वाफ येऊ लागली. तापमानाचा काटा लाल खुणेला टेकला होता. गाडी लगेच बंद केली, एवढी अक्कल मात्र शाबूत होती. रेडिएटरचा वरचा रबरी पाईप फाटला होता. बाहेर पाऊस, रस्त्यावर अंधार, जंगली जनावरांचा रस्ता, फोनला रेंज नाही, आणि मागे पोर कण्हत असलेले. त्याची आई त्याला आपल्या पदरात गुंडाळून बसली होती, कारण गारठा हाच त्याचा शत्रू. पाऊण तासाने गोंदियाकडे जाणारी एक बोलेरो थांबली. त्या माणसाने नावही न सांगता आम्हाला दवाखान्याच्या दारात सोडले. पोरगा चार दिवसांनी घरी आला.

पाईपची किंमत ३५० रुपये होती.

मनाला लागले ते हे की त्याआधी पंधराच दिवस गाडीची सर्व्हिसिंग झाली होती. एका गॅरेजात ४,२०० रुपये मोजले होते. गाडी धुऊन, पुसून, आतून सुगंधी फवारा मारून परत मिळाली होती. ऑईल बदलले होते, फिल्टर बदलला होता. पण सतरा वर्षांच्या रबरी पाईपला कुणी बोट लावून पाहिले नव्हते. आम्हीही तसे सांगितले नव्हते. आपण काय सांगावे हेच ठाऊक नव्हते.

साधी सर्व्हिसिंग आणि मोठे काम यांत फरक इथेच आहे. साध्या सर्व्हिसिंगमध्ये खर्च होणाऱ्या वस्तू बदलतात, ऑईल, फिल्टर, प्लग. दीड लाख किलोमीटरच्या पुढे गेलेल्या गाडीत खर्च होत नाहीत पण म्हातारे होतात असे भाग असतात. रबर कडक होते, पट्टे झिजतात, सील पाझरतात, बेअरिंग कुरकुरते. आणि रबर नुसत्या किलोमीटरने म्हातारे होत नाही, वर्षांनीही होते. मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळीसला टेकतो, तेव्हा बोनेटखाली काय होत असेल याची कल्पना करा.

पहिला विचार गाडी काढून टाकण्याचा होता. विचारपूस केली तेव्हा कुणी ७० हजारांच्या वर बोलेना. नवी लहान गाडी घ्यावी तर पाच लाखांच्या कर्जाला पाच वर्षे महिन्याला दहा हजारांच्या वर हप्ता. मुलगी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. हप्ता आणि तिची फी एका पगारातून निघणार नाहीत आणि दुसरा पगार घर चालवतो. तेव्हा कागद काढून बसलो. आमच्या गाडीला १५ वर्षे २०२३ साली पूर्ण झाली, त्या वेळी तपासणी करून पुनर्नोंदणी केली. हे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५,००० रुपये झालेले आहे, पर्यावरण कर वेगळा. नोंदणी २०२८ पर्यंत आहे. २० वर्षांवरील मोटारींसाठी हेच शुल्क केंद्र सरकारने ऑगस्ट २०२५ मध्ये १०,००० केले. म्हणजे २०२८ साली पुन्हा विचार करायचा, आणि तोवर ही गाडी भरवशाची ठेवायची. मुलीचे शिक्षणही तोवर पुरे होईल. मुदत ठरली की खर्चाला माप मिळते. कायमची नवी करायला निघालो असतो तर खड्ड्यात गेलो असतो.

पण खर्च करण्याजोगे इंजिन आणि बॉडी आहे का, हे आधी पाहावे लागते. आमचा मिस्त्री सडक अर्जुनीकडचा, वीस वर्षे हाच धंदा करणारा. त्याला कॉम्प्रेशन तपासायला सांगितले तेव्हा तो हसला.

"गुरुजी, गाडी चालून राहिली नं? मंग काहून उघडता?"

"भाऊ, उघडू नका. फक्त मोजून सांगा. मोजल्याशिवाय पैसा लावणार नाही."

प्लग काढून एकेका सिलिंडरचा दाब घड्याळावर पाहतात, अर्ध्या तासाचे काम आहे. ऑल्टोला तीन सिलिंडर. तिन्ही आकडे जवळजवळ सारखे आले पाहिजेत. एक फार खाली असेल तर व्हॉल्व्ह किंवा रिंगचे दुखणे आहे आणि मग साऱ्या हिशेबाचीच फेरतपासणी करावी. आमचे सारखे आले. ऑईलच्या झाकणाखाली दुधासारखा चिकट थर नव्हता, म्हणजे ऑईलमध्ये पाणी शिरलेले नव्हते. सायलेन्सरमधून निळा धूर नव्हता, म्हणजे ऑईल जळत नव्हते. मग गाडी वर चढवून खालचा पत्रा स्क्रू-ड्रायव्हरने टोचून पाहिला. ड्रायव्हरच्या पायाखाली थोडा गंज होता, पण चेसिसचे जोड शाबूत होते. तेच जर कुजलेले असते तर आम्ही एक रुपयाही लावला नसता, आणि वाचकांनीही लावू नये.

त्यानंतर शहरातल्या एका मोठ्या गॅरेजातून अंदाजपत्रक आणले. ४१,५०० रुपये. त्यात डेंटिंग-पेंटिंग १४,०००, सीट कव्हर ३,५००, इंजिन फ्लश आणि कोटिंग २,८००. बाकी क्लच, शॉक ॲब्सॉर्बर, ऑईल वगैरे. टायमिंग बेल्टचा उल्लेखच नव्हता. पाईपचा नव्हता. टायरचाही नव्हता. आम्ही विचारले तेव्हा उत्तर आले, "ते खराब झाल्यावर बघू." मुरदोलीच्या जंगलात खराब झाल्यावर काय बघणार?

घरी येऊन मुलीने वहीचे पान उभे दुभागले. एका बाजूला लिहिले, 'कशाने गाडी रस्त्यात उभी राहील?' दुसऱ्या बाजूला लिहिले, 'कशाने गाडी उभी राहणारच नाही?' पहिल्यात पाईप, पंखा, बेल्ट, बॅटरी, पेट्रोलची नळी. दुसऱ्यात ब्रेक, टायर, स्टिअरिंगचे सांधे. या दोहोंत न बसणारे सर्व खाली, आणि रंग सर्वांत खाली. एका मास्तराच्या घरात एवढी सोपी विभागणी बापाला सुचू नये याचे वैषम्य वाटले, असो.

टायमिंग बेल्टविषयी थोडे अधिक लिहितो, कारण आपल्या लोकांत याविषयी अंधार आहे. इंजिनाच्या खालचा दांडा पिस्टन हलवतो आणि वरचा दांडा व्हॉल्व्ह उघडझाप करतो. या दोघांचा ताल जुळवून ठेवणारा दातेरी पट्टा म्हणजे टायमिंग बेल्ट. तो झाकणाआड असतो, म्हणून दिसत नाही. तो तुटण्याआधी बहुधा आवाज करीत नाही, सूचना देत नाही. तुटला की गाडी जिथल्या तिथे बंद. काही इंजिनांत तर पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांवर आदळतात आणि काम हजारांवरून दहा हजारांच्या घरात जाते. काही गाड्यांना पट्ट्याऐवजी साखळी असते, तिला अशी ठरावीक मुदत नसते. आपल्या गाडीला काय आहे आणि ते किती किलोमीटरला किंवा किती वर्षांनी बदलायचे हे गाडीच्या पुस्तकात लिहिलेले असते. जुनी गाडी घेताना ते पुस्तक मागून घ्यावे.

आमच्या आधीच्या मालकाने बेल्ट बदलल्याचे तोंडी सांगितले होते. बिल नव्हते. आम्ही दहा वर्षे त्या शब्दावर गाडी चालवली. मिस्त्रीने झाकण काढले तेव्हा पट्ट्याच्या पाठीवर बारीक भेगांची जाळी होती. तेव्हापासून आमच्या घरात नियम झाला आहे की ज्याचे बिल नाही ते काम झालेलेच नाही. बेल्ट बदलताना त्याला ताण देणारे टेन्शनरचे बेअरिंग आणि तिथली ऑईल सीलही त्याच वेळी बदलावीत. झाकण उघडण्याची मजुरी एकदाच पडते. शंभर-दोनशे रुपयांचे सील वाचवले तर तेच सील पुढे नव्या पट्ट्यावर ऑईल गाळते.

थंड ठेवण्याच्या व्यवस्थेत आमच्या गाडीत एक गंमत सापडली. थर्मोस्टॅट गायब होता. कुणीतरी कधीतरी "उन्हाळ्यात गाडी तापते" म्हणून तो काढून फेकला होता. आपल्याकडे हे सर्रास चालते. तो नसला की इंजिन योग्य तापमानाला लवकर येत नाही, पेट्रोल जास्त खाते आणि झीजही वाढते. गाडी तापत असेल तर कारण रेडिएटरच्या जाळीत, पंख्यात किंवा कूलंटमध्ये शोधावे. आमच्या रेडिएटरमध्ये कूलंट नव्हतेच, विहिरीचे पाणी होते, गंजाने चहासारखे झालेले. वाटेत पाणी टाकावे लागले तर टाकावे, पण घरी आल्यावर ते काढून कूलंट भरावे. आणि गरम इंजिनाचे रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये. चेहरा भाजलेली माणसे आम्ही पाहिली आहेत.

ब्रेक ऑईल हवेतला ओलावा शोषते. ओलावा शिरलेले ऑईल सतत ब्रेक मारताना तापून उकळते, त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पायाखालचे पेडल एकदम खोल जाते. म्हणून ते साधारण दर दोन वर्षांनी बदलायचे असते. आमचे कधी बदलले होते याची नोंद नव्हती. रंग काळपट. मागच्या दोन्ही चाकांची व्हील सिलिंडर पाझरत होती. पुढचे ब्रेक पॅड, मागचे शू, रबरी होज, सर्व एकदम केले. इथे काटकसर करू नये.

टायरची गोष्ट मुलीने शोधली. टायरच्या बाजूला लांबलचक अक्षरांनंतर चार आकडे असतात. पहिले दोन म्हणजे कितवा आठवडा, पुढचे दोन म्हणजे साल. आमच्यावर २३१६ होते, म्हणजे २०१६ च्या तेविसाव्या आठवड्यातला टायर. वरची नक्षी कायद्याने लागणाऱ्या १.६ मिलिमीटरपेक्षा जास्त होती, म्हणून आम्ही निर्धास्त होतो. पण बाजूचे रबर उन्हाने फाटले होते. आता दुकानातून नवा टायर घेतानाही आम्ही हे आकडे वाचतो, कारण गोदामात पडून राहिलेला जुना टायरही 'नवा' म्हणून विकला जातो.

पेट्रोलच्या रबरी नळ्याही बदलल्या. हल्ली पंपावर वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते आणि २००८ च्या गाड्या त्याचा विचार करून बनवलेल्या नाहीत. काही जुन्या गाड्यांत दीर्घ वापरानंतर रबरी भाग व गॅस्केट बदलावे लागू शकतात, असे पेट्रोलियम मंत्रालयानेही ऑगस्ट २०२५ मध्ये म्हटले होते. पेट्रोलचा वास येत असेल तर त्याच दिवशी गाडी दाखवावी, दुसऱ्या दिवसावर टाकू नये.

आपल्या धानाच्या जिल्ह्याचे एक खास दुखणे आहे, ते पुस्तकात सापडणार नाही. पोती ठेवलेल्या पडवीत गाडी उभी केली की उंदीर बोनेटमध्ये घर करतात. आमच्या पंख्याच्या वायरीचे आवरण कुरतडलेले निघाले. पंखा त्या रात्री फिरत होता की नाही कोण जाणे. आणि ज्यांचे घर राईस मिलच्या वाऱ्याला आहे त्यांनी एअर फिल्टर पुस्तकात लिहिलेल्या मुदतीच्या आधीच उघडून पाहावा, आतून मूठभर तूस निघते.

पैशाचे असे केले. सर्व काम एकदम करायला रक्कम नव्हती, म्हणून वहीतल्या क्रमाने तीन टप्पे पाडले. पहिला टप्पा पगाराचा आणि थोड्या बचतीचा: बेल्टचे काम ३,६००, पाईप, थर्मोस्टॅट, कूलंट व रेडिएटरची सफाई ३,९००, ब्रेक ५,२००, पेट्रोलच्या नळ्या ७००, इंजिन व गिअर ऑईल, फिल्टर, प्लग ३,४००. एकूण १६,८००. हा टप्पा पुरा होईपर्यंत गाडी गावाबाहेर नेली नाही, शाळेला बसने गेलो. दुसरा टप्पा घरचे धान विकल्यावर: चार टायर १२,०००, लोअर आर्म, बॉल जॉइंट, बुश व अलाइनमेंट ५,४००. तिसऱ्यात क्लच, अंदाजे ५,५००. बेरीज ३९,७०० होते. म्हणजे त्या अंदाजपत्रकाइतकेच पैसे गेले म्हणा ना. पण रंग तोच आहे, डाव्या दारावरचा पोचाही तोच आहे, आणि पाहुणे अजून विचारतात की एवढा खर्च केला तो कुठे दिसत नाही!

मिस्त्रीशी व्यवहार कसा ठेवावा याविषयी आमचे मत सांगतो. सुटे भाग आणि मजुरी वेगवेगळी लिहून घ्यावी. भाग शक्यतो स्वतः जाऊन आणावेत, खोक्यावरची छापील किंमत आणि कंपनीचे होलोग्राम पाहून, आणि बिल फाईलला लावावे. काढलेले जुने भाग परत मागावेत. यात अविश्वास नाही, आपल्यालाही शिकायला मिळते. पण दुसरी बाजूही आहे. लग्नाच्या आदल्या दिवशी गाडी नेऊन उभी करायची आणि "संध्याकाळपर्यंत द्या" म्हणायचे, काम झाल्यावर निम्मे पैसे उधार ठेवायचे, ही आपल्या नोकरदारांची सवय वाईट आहे. हाताला काळे लागते म्हणून कारागिराची मजुरी कमी होत नाही. आम्ही गाडी दोन दिवस देऊन टाकली, चहाच्या वेळी जाऊन बसलो, विचारले ते त्याने सांगितले. तिसऱ्या दिवशी तोच म्हणाला, "गुरुजी, आता लगेच नागपूरला नका नेऊ जी. पन्नास किलोमीटर इथंच फिरवा, मंग मले दाखवा." मोठ्या कामानंतर हे आवश्यक असते. रात्री गाडीखाली पुठ्ठा अंथरून ठेवावा, सकाळी त्यावर थेंब पडलेला दिसतो. आमच्या पुठ्ठ्यावर हिरवा थेंब होता, एक क्लॅम्प सैल राहिला होता. कूलंटची पातळी पाहिली, चाकांचे नट पुन्हा आवळले आणि मगच कोहमाऱ्याच्या पुढे गेलो.

शाळेतल्या एका सहकाऱ्याने टोमणा मारला की पावणेदोन लाखांच्या पुढे गेलेल्या डब्यात कसला जीव घालता. त्याला आम्ही अमेरिकेतल्या अर्व्ह गॉर्डन यांचे नाव सांगितले. तेही मास्तरच, विज्ञान शिकवीत. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर राहत आणि रोज सुमारे २०० किलोमीटर जाऊन-येऊन शाळा करीत. १९६६ साली घेतलेली व्हॉल्वो त्यांनी २०१३ पर्यंत ३० लाख मैल, म्हणजे ४८ लाख किलोमीटर चालवली आणि २०१८ मध्ये मरेपर्यंत ती सोडली नाही. त्यांचे गुपित विचारले तर ते पुस्तकात सांगितलेल्या मुदती पाळण्याचेच होते. त्यांचे रस्ते आणि आपले रस्ते यांत फरक आहे हे खरे, पण मुदती पाळायला रस्ता आड येत नाही.

वही आता डॅशबोर्डच्या कप्प्यात असते. पहिल्या पानावर १०८ आणि दवाखान्याचे क्रमांक, नंतर तारीख, किलोमीटर, काम, रक्कम, आणि पुढचे काम केव्हा. पुतण्याच्या आईने तिच्यात एक ओळ आपल्या हाताने वाढवली आहे: मागच्या सीटखाली एक ब्लँकेट, पाण्याच्या दोन बाटल्या आणि त्याच्या गोळ्या. दर महिन्याच्या एक तारखेला ती स्वतः बाटल्या बदलते आणि बोनेट उघडून वरचा पाईप दाबून पाहते.

गेल्या महिन्यात त्याला तपासणीसाठी नागपूरला नेले. साकोली, लाखनी, भंडारा करीत गेलो आणि रात्री परत आलो. काटा मधल्या खुणेच्या वर गेला नाही. क्लच मात्र चढावर आता थोडा घसरतो. मिस्त्री म्हणतो दिवाळीपर्यंत निघेल, आमची मुलगी म्हणते त्याच्या आधी करा. वहीत सध्या त्या ओळीपुढे रक्कम लिहिलेली आहे, तारखेची जागा कोरी आहे.